कमावत्या लेकराकडून घरखर्च: किती घ्यावा, कसा, आणि कोणाच्या हातात

खेड्यातल्या घरात कमावत्या लेकराचा पगार बहुतेक दोन तऱ्हांनी येतो. एक तर सगळाच्या सगळा बापाच्या हातात पडतो आणि मग पोराला पेट्रोलसाठी शंभराची नोट मागावी लागते. नाहीतर ठरलेलं काहीच येत नाही. दिवाळीला मायला लुगडं, बहिणीला मोबाइल, आणि एरवी घर मागेल तेव्हा मागेल तेवढं. पहिल्या तऱ्हेत पोरगा दोन वर्षांत शहरात खोली पाहू लागतो. दुसरीत माय मनात हिशेब धरून बसते आणि पोरगा म्हणतो, "मी तर किती देतो!" दोघंही खरं बोलत असतात, कारण कोणीच लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून रक्कम ठरलेली हवी, तारीख ठरलेली हवी आणि ती रक्कम कशासाठी हेही ठरलेलं हवं. तिला भाडं म्हणू नका, खानावळ तर मुळीच म्हणू नका. हे शब्द घरात कायमचे लागतात. 'घरखर्चाचा वाटा' पुरेसं आहे. ठरलेल्या वाट्याने घराला किती मिळणार हे कळतं आणि पोराला आपले किती उरणार हे कळतं. हे दुसरं कळणं जास्त महत्त्वाचं, हे आईबापांना पटायला वेळ लागतो.

वाटा कोणाकडून घ्यायचा हे पटकन सांगता येतं. शिक्षण संपलेलं, दर महिन्याला पगार येतो, आणि निदान दुसरा पगार हातात पडलेला आहे, त्याच्याकडून. पहिला पगार देवाचा, पेढ्यांचा आणि मायच्या साडीचा. त्याला हात लावू नका. आयटीआयनंतर अप्रेंटिस असलेल्याकडून नावापुरते ५०० रुपये घ्या, सवय लागावी म्हणून. पोलीस भरतीची तयारी करता करता दुकानात अर्धा दिवस काम करणाऱ्याने स्वतःचा रिचार्ज, पुस्तकं आणि पेट्रोल उचललं तरी घराचं ओझं कमी होतं.

आधी ताटखर्च काढा

एक माणूस महिन्याला घराला कितीला पडतो, हा पहिला आकडा. तो अंदाजाने सांगू नका. एक महिना वहीत लिहा, निदान किराणा आणि दूध तरी. उदाहरण म्हणून पाच माणसांचं घर धरू: आजी, मायबाप, एमआयडीसीत जाणारा मुलगा आणि कॉलेजातली मुलगी. त्यातल्या एका मोठ्या माणसाचा महिना साधारण असा पडतो. दर तुमच्या बाजाराचे घाला.

गहू ६ किलो, ३० रुपयांनी १८०. ज्वारी ३ किलो, ३५ ने १०५. तांदूळ ४ किलो, ४५ ने १८०. तुरीची डाळ २ किलो, ११० ने २२०. सोयाबीनचं तेल १ किलो, १५०. साखर १ किलो, ४५. चहापत्तीचे ६०. दूध रोज पावशेर, म्हणजे साडेसात लिटर, ६० ने ४५०. भाजी, कांदे, आलू, सांभार (कोथिंबीर) मिळून साडेसात किलो, सरासरी ४० ने ३००. तिखट, मीठ, मसाला १००. गिरणीवरचं दळण ४५. अंडी आणि महिन्यातून दोनदा मटण-चिकन ३००. गॅसचं सिलिंडर ९०० चं धरलं आणि ते महिनाभर पुरत असेल तर पाचवा हिस्सा १८०. अंगाची-कपड्याची साबण, टूथपेस्ट १५०. विजेचं बिल १,२०० चं असेल तर २४०. टीव्हीचा रिचार्ज १००. घरपट्टी आणि पाणीपट्टी वर्षाची १,८०० असेल तर महिन्याला माणशी ३०.

बेरीज २,८३५. म्हणजे २,८५० धरा.

या हिशेबात दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला घरच्या धान्याचा. गहू, तूर, ज्वारी घरची आहे म्हणून ती फुकट धरली तर शेती करणाऱ्या बापाची मेहनत शून्य होते, आणि दुकानाच्या भावाने धरली तर पोरावर अन्याय होतो. बाजार समितीत तो माल विकला असता तर हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन जेवढे हातात आले असते, तेवढा भाव धरायचा. तुरीचं आणखी एक. एक क्विंटल तुरीची डाळ साधारण ७० किलो निघते. बाकी चुनी आणि टरफल, ते जनावरांच्या कामी येतं. तूर ७,००० ने गेली असती तर डाळ किलोला १०० पडली, वर भरडाई. दूधही तसंच: घरची म्हैस असेल तर डेअरी फॅटवर जो भाव देते तो लावा, पिशवीच्या दुधाचा लावू नका.

दुसरा घोळ कूलरचा. एप्रिल ते जून आपल्याकडे विदर्भात कूलरशिवाय झोप नाही. लोखंडी मोठा कूलर पंपासकट साधारण २०० वॅट खातो. रात्रीचे १० तास चालला तर २ युनिट, महिन्याला ६०. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ पासूनच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट लागतो. म्हणजे पोराच्या खोलीतला वेगळा कूलर सगळा महागड्या टप्प्यात चालतो. तो कूलर त्याचाच; ६० युनिटचे पैसे उन्हाळ्याचे तीन महिने वेगळे लावा. कूलरचं गवत बदलणं आणि पाणी भरणं हेही त्याचंच काम. आजीच्या खोलीतला कूलर मात्र घराचा.

घरात रेशनचं धान्य येत असेल आणि पोराचं नाव कार्डावर असेल, तर प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. तेवढं त्याच्या ताटखर्चातून वजा करा.

मग हातात उरणारा पगार

पगारपत्रकावरचा वरचा आकडा विसरा. समजा १६,००० ठरलेले आहेत आणि पीएफ १२,००० वर कापतात. १२ टक्क्यांनी पीएफ १,४४० गेला, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का म्हणजे १२० गेले, व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००, बाईमाणसाला २५,००० पगारापर्यंत हा कर माफ आहे). राहिले १४,२४०.

आता गाडी. गाव ते बुटीबोरी किंवा नांदगाव पेठची एमआयडीसी ३० किलोमीटर धरलं तर रोजचे ६०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर ३१ लिटर पेट्रोल; १०५ ने ३,२५० च्या वर. ऑइल, टायर, पंक्चर मिळून ४०० तरी ठेवा. गाडीच महिन्याला पावणेचार हजारांच्या घरात जाते आणि मायबापांच्या हिशेबात ती कुठेच नसते. "चौदा हजार कमावते अन् तीन देते" ही तक्रार बहुतेक इथून येते. एसटीने जाणाऱ्या मुलीचं गणित वेगळं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तोच प्रवास तिला बराच स्वस्त पडतो.

शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता असेल तर तोही वजा करा. हौसेच्या मोबाइलचा हप्ता करू नका.

उरले साधारण १०,५५०. यातला पाव ते तीस टक्के हिस्सा म्हणजे २,६५० ते ३,१५०. तिकडे ताटखर्च आला होता २,८५०. दोन्ही आकडे जवळ आहेत, तर ३,००० वर ठरवा आणि वही मिटा.

आकडे जवळ आले नाहीत तर? पगार इतका कमी असेल की ताटखर्च उरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातो, तर तिसरा हिस्साच घ्या आणि बाकीचं घराचं समजा. उलट, लेकरू ४०,००० आणत असेल तर पाव हिस्सा ९-१० हजार होतो, ताटखर्चाच्या तिप्पट. तो सगळा 'घरखर्च' म्हणून घेणं बरोबर नाही. अशा वेळी ५,००० ते ६,००० घरखर्चाचे ठरवा. बाकी हवे असतील तर कशासाठी ते नाव घालून मागा: बहिणीची फी, आजीची औषधं. आणि ते किती महिने, हेही सांगा. नाव नसलेला पैसा घरात पाण्यासारखा मुरतो.

वरची मर्यादा एक सोपी आहे. ज्या गावात नोकरी आहे तिथे एका कॉटचं भाडं आणि दोन वेळची मेस मिळून किती लागतात, विचारून या. तुमचा आकडा त्याच्या वर गेला तर पोरगा तिकडे जाईल, आणि त्याचं चुकलं म्हणता येणार नाही.

सारखी रक्कम की हंगामाप्रमाणे

शहरात बाराही महिने सारखी रक्कम ठीक आहे. कापूस-सोयाबीनच्या घरात पैसा तसा येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास घरात येतं, कापसाची वेचणी पुढे जानेवारीपर्यंत चालते, तूर त्याच्यामागून. जून ते सप्टेंबर फक्त बाहेर जातो: बियाणं, खत, डवरणी, निंदण, फवारणी. पोळ्याच्या आधीच्या दोन महिन्यांत चांगल्या घरातही रोकड नसते.

पगार मात्र बाराही महिने येतो. त्यामुळे वर्षाची रक्कम तीच ठेवून ती वाकवता येते. ३,००० च्या हिशेबाने वर्षाचे ३६,००० होतात. जून ते सप्टेंबर ४,००० आणि उरलेले आठ महिने २,५०० घेतले तरी बेरीज तीच. पोराला एक पैसा जास्त पडत नाही आणि घराला नेमका पावसाळ्यात आधार मिळतो. धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, रोवणीचा महिना पाहून हे वाकवा. संत्र्याच्या बागेत पैसा आंबिया-मृगाच्या बहारावर असतो, तिथे तुमचे महिने वेगळे निघतील.

रक्कम वर्षातून एकदाच बदलायची. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं, तोच दिवस यालाही ठेवा, लक्षात राहतो. (पोराला सालदाराची उपमा तोंडावर देऊ नका म्हणजे झालं.) मध्येच पगार वाढला तरी पाडव्यापर्यंत वाटा तोच.

पैसे कोणाच्या हातात

मायच्या. स्वयंपाकघर ती चालवते, दूधवाला तिच्याकडे येतो, आठवडी बाजार ती करते. बापाच्या खात्यात टाकलेला घरखर्च कृषी केंद्राच्या उधारीत कधी विरघळला ते कळत नाही, आणि त्यात बापाची बदमाशी असतेच असं नाही; फवारणीचं औषध आज लागतं, किराणा उद्या आणता येतो.

बापाच्या खात्याला आणखी एक धोका आहे. पीक कर्ज थकीत असेल तर त्याच बँकेतल्या बचत खात्यावर होल्ड लागण्याचे प्रकार होतात. पोराने १ तारखेला पाठवलेले ३,००० तिथेच अडकतात. मायचं वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात खातं असेल तर ते वापरा. तिला यूपीआय जमत नसेल तर रोख द्या, पण वहीत तारीख टाकून. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात 'घरखर्च जुलै' असं लिहिण्याची सवय लावा. वर्षाने शोधायला सोपं जातं.

घरात दारूचा किंवा पत्त्यांचा त्रास असेल तर पैसे हातात देऊच नका. पोराने थेट बिलं उचलावीत: गॅस, वीज, महिन्याचा किराणा. ३,००० इथेच संपतात.

तारीख पगाराच्या दोन दिवसांनंतरची ठेवा. कंत्राटी कामगारांचा पगार ७ ला होईल की १५ ला हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून 'महिन्याची १ तारीख' ठरवली की पहिल्याच महिन्यात मोडते.

या पैशाने आधी काय सोडवायचं

उधारीचा किराणा. गावच्या दुकानात खातं चालू असतं, कापूस विकला की फेडायचं. दुकानदार चार-पाच महिने थांबतो आणि त्या थांबण्याची किंमत मालाच्या भावात असते. वजनावर घासाघीस करता येत नाही, डाळ बदलून मागता येत नाही, कारण आपणच देणेकरी. घरात दरमहा ठरलेली रोकड आली की तिचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे.

असं करा. पहिल्या महिन्यात जुन्या खात्याला हात लावू नका, फक्त नवीन उधारी थांबवा. पोराच्या वाट्यातून तेल, साखर, चहा, साबण, तांदूळ हे महिन्याचं सामान तालुक्याच्या बाजारातून रोखीने आणा. गावच्या दुकानातून फक्त अडीनडीचं. जुनी बाकी माल विकल्यावर शेतीच्या पैशातून फेडा. पोराच्या पैशातून जुनी उधारी फेडायला सुरुवात केली तर नवीन उधारी चालूच राहते आणि सहा महिन्यांनी दोन्हीकडे शून्य. दुकानदाराला मात्र आधी सांगून ठेवा. गावात उद्याही राहायचं आहे.

पीक कर्ज या हिशेबात आणू नका. ३१ मार्चच्या आत भरणं हे शेतीचं काम आहे. वेळेवर भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज सवलतीतून शून्यावर येतं, ही सवलत चुकवू नका. पण त्यासाठी पोराकडून काही घ्यावं लागलं तर ते हातउसने म्हणून वेगळ्या पानावर लिहा. घरखर्चाच्या वाट्यात मिसळलं की पुढच्या मार्चला तेच गृहीत धरलं जातं.

बोलायचं कधी आणि कसं

नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात. पगाराच्या दिवशी नको, पाहुण्यांसमोर तर नकोच, आणि भांडणानंतर बोललात तर तो दंड वाटतो. दोन वर्षं काहीच न घेता गेली असतील तर मागचं काढू नका. पहिले तीन महिने अर्धी रक्कम घ्या, मग पूर्ण.

समोर वही ठेवा. "तुह्या पगारातून तीन हजार दे" म्हणण्याऐवजी: "बाबू, तू आता कमावता झाला. घर महिन्याले किती खाते हे तुह्या डोयानं पाह्य, मंग तूच आकडा सांग." बहुतेक पोरं ताटखर्चाच्या जवळचाच आकडा सांगतात. काही जास्त सांगतात; तो लगेच घेऊ नका, जास्तीचा आकडा तिसऱ्या महिन्यात तुटतो.

शेजारच्या पोराचं उदाहरण देऊ नका. त्याच्या पगारातून काय कापलं जातं, हे शेजारच्या मायलाही माहीत नसतं.

रविवारचं शेत

पोरगा सुट्टीत शेतात राबत असेल तर त्याची किंमत आहे, पण सगळ्याच कामाची नाही. कसोटी अशी: त्याच्यामुळे मजूर लावावा लागला नाही, तर तो दिवस मोजा. गावात चालू असलेला रोज लावा आणि त्या महिन्याच्या वाट्यातून वजा करा. दिवसभर फवारणी, रात्री लाइन आली म्हणून केलेलं ओलीत, सोंगणीचा पूर्ण दिवस, हे मोजायचं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी केलेली रात्रीची जागल अर्धा रोज धरा. संध्याकाळी धुऱ्यावर चक्कर मारून आला, बैलांना पाणी दाखवलं, हे घरचं काम. त्याचे पैसे मागणारा आणि देणारा दोघंही लवकर थकतात.

घरात दुसरा भाऊ पूर्णवेळ शेती करत असेल तर ही वजाबाकी त्याच्यासमोर करा. तो वर्षभर राबतो आणि त्याच्या हाती रोख पगार नाही. नोकरीवाला पैसे देतो म्हणून त्याच्या ताटात जास्त भाजी पडू लागली, की ते घर दोन चुलींकडे निघालं समजा. वहीत एक ओळ शेतीवाल्या भावाच्या नावाने ठेवा: माल विकल्यावर त्याला हातखर्च किती. ती ओळ नसेल तर नोकरीवाल्याकडून वाटा घेण्याचा हक्क कमी पडतो.

मुलगी कमावती असेल तर

"लेकीचं खाऊ नये" म्हणून अनेक घरी तिच्याकडून काही घेत नाहीत. आणि तीच मुलगी सकाळी पाचला उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटून शाळेत किंवा दवाखान्यात कामाला जाते. म्हणजे घेतात, फक्त मोजत नाहीत. मुलासारखाच हिशेब तिलाही लावा: ताटखर्च तोच, हातात उरणाऱ्या पगाराचा हिस्सा तोच. मग ती स्वयंपाकाचं एका वेळचं काम पूर्ण उचलत असेल तर वाटा अर्धा करा. मुलगा तेवढं काम करत असेल तर त्याचाही करा.

घ्यायचे जिवावरच येत असतील तर तिच्या नावाने पोस्टात पाच वर्षांची आरडी काढा आणि वाट्यातले काही त्यात जाऊ द्या. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी महिन्याला १,००० भरले तर पाच वर्षांनी ७१ हजारांच्या वर होतात. दर तिमाहीला बदलू शकतो, पण खातं काढताना जो असेल तो शेवटपर्यंत राहतो. पासबुक तिच्याजवळ. "तुझ्या लग्नासाठी ठेवले" म्हणून ते मायने कपाटात ठेवायचे नाहीत. ते तिचे पैसे आहेत, त्यांचं काय करायचं ते ती ठरवेल.

योजना, कर आणि कागद

पोरगा आईबापाला जे पैसे देतो त्यावर आईबापाला आयकर लागत नाही. ते उत्पन्न नाही, नातेवाइकाकडून मिळालेली रक्कम आहे. घरभाड्याची पावती करून कर वाचवायचा सल्ला गावातला एखादा हुशार देतो; नव्या करप्रणालीत घरभाड्याची सवलतच नाही, आणि पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत तशीही करदेयता शून्य येते. उगाच कागद वाढवू नका.

योजनांवर परिणाम होतो तो पोराच्या नोकरीने. त्याने घरी पैसे दिल्या-न दिल्याने काही बदलत नाही. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं, त्यामुळे सज्ञान मुलाच्या नोकरीने बापाचे ६,००० थांबत नाहीत. लाडक्या बहिणीत मात्र कुटुंबात अविवाहित मुलं येतात आणि वार्षिक अडीच लाखांची मर्यादा आहे. तिथे पगार मोजला जातो. रेशनच्या प्राधान्य कुटुंबाची ग्रामीण मर्यादा वर्षाला ४४,००० आहे. पगार सुरू झाल्यावर हे लपवून ठेवण्यापेक्षा तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारून घ्या. नंतर वसुली निघाली तर तीन हजारांचा वाटा तिथेच जातो.

कागदाची खरी गरज बांधकामाला पडते. महिन्याचा घरखर्च हा खर्चच आहे, त्याने घरावर हक्क येत नाही. पण पोराने दोन लाख घालून स्लॅब टाकला, संडास-बाथरूम बांधलं, बोअर मारली, आणि नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) घर बापाच्याच नावावर आहे, तर वीस वर्षांनी वाटणीच्या वेळी ते दोन लाख कोणालाच आठवत नाहीत. ज्या दिवशी पैसे दिले त्याच दिवशी साध्या कागदावर लिहा: कोणी, किती, कशासाठी, परत द्यायचे की घराला दिले. बापाची सही, आणि बाकी भावंडांच्या सह्या. नंतर कोणी सही करत नाही.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते 'वरच्या' मागण्यांनी. ३,००० दिले आणि आठ दिवसांनी "सिलिंडर संपलं, एवढं घेऊन ये". सिलिंडर तर वाट्यात धरलेलं आहे. अशा तीन मागण्यांनंतर पोरगा वाटा देणं बंद करतो आणि जुन्या पद्धतीवर येतो. वहीत मागच्या बाजूला एक पान 'वरचे' म्हणून ठेवा. वाट्यात न धरलेलं काही मागितलं, दवाखाना म्हणा, वऱ्हाडाचा आहेर म्हणा, तर तिथे लिहा. वर्षाअखेरीस ते पान जड झालं असेल तर पाडव्याला रक्कम तिथूनच नव्याने काढा.

माय गुपचूप परत देते, हेही नेहमीचं. पेट्रोलला दोनशे, मित्राच्या लग्नाला पाचशे. दिलेच तर उघड द्या आणि वहीत टाका, नाहीतर बापाला वाटतं तीन हजार पुरत नाहीत आणि तो आकडा वाढवायला निघतो.

काही पोरांना पैसे द्यायला लागल्यावर ताट उचलायचा कंटाळा येतो. "पैसे देतो ना!" हे ऐकू आलं तर तिथेच थांबवा. ताटखर्चात स्वयंपाक करणारीची मजुरी धरलेलीच नाही. वहीतली बेरीज पुन्हा दाखवा, त्यात मायच्या कामाची ओळ नाही हे त्याला शोधू द्या. मित्र जेवायला आणत असेल तर महिन्यात तीन-चार ताटांपर्यंत बोलू नका, पुढे मटण त्याने आणावं.

नोकरी सुटली तर वाटा पुढच्या महिन्यापासून बंद, आणि बाकी चढवायची नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटात हे दर वर्षी होऊ शकतं, म्हणून नोकरी चालू असतानाच त्याला स्वतःच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढे बाजूला टाकायला लावा. वाटा ठरवताना ३० ऐवजी २५ टक्क्यांवर थांबण्याचं हेही एक कारण. पगार चालू असूनही सलग दोन महिने वाटा आला नाही तर रागावण्याआधी मोबाइल पाहायला मागा. ऑनलाइन खेळ किंवा झटपट कर्जाचं ॲप, बहुतेक दोन्हीपैकी एक निघतं, आणि तेव्हा घरखर्चापेक्षा ते कर्ज आधी थांबवावं लागतं.

आईबापाला पोसायला पोरगा साफ नकार देत असेल आणि त्यांचं स्वतःचं भागत नसेल, तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. तो रस्ता वेगळा, आणि तिथे ही वही उपयोगी पडत नाही.

लग्न ठरलं की रक्कम लग्नाआधी पुन्हा ठरवा. सून आल्यावर ठरवलं तर तो आकडा तिच्या नावावर चढतो. सून कमावत नसेल तर फक्त एक ताटखर्च वाढवा, टक्केवारी वाढवू नका. ती कमावत असेल तर तिचा पगार त्या दोघांचा. सासूने तिच्याकडे वेगळा वाटा मागायचा नाही, जे ठरेल ते मुलाच्या खात्यातून यावं. आणि बदली झाली, शहरात खोली घेतली, तर ज्या महिन्यात तो गेला त्या महिन्याचा वाटा दिवस मोजून घ्या, वेगळ्या पानावर लिहिलेलं हातउसने चुकतं करा, आणि त्याच्या खोलीतला कूलर त्याला घेऊन जाऊ द्या.